अर्धशिशीची वही

आमच्या डोंबिवलीत ‘डोके दुखते’ असे मोठ्याने म्हणण्याची सोय नाही. म्हटले रे म्हटले, की जिन्यातल्या प्रत्येक दारातून एकेक वैद्य बाहेर येतो. तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, “पित्त आहे हो ते. सकाळी उठल्याबरोबर साळीच्या लाह्या खा.” पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका म्हणतात, “चष्म्याचा नंबर वाढला असेल.” दुसऱ्या मजल्यावरच्या मामी काही म्हणत नाहीत, त्या सुंठ उगाळूनच आणतात आणि कपाळावर लेप थापून जातात. समोरच्या बिऱ्हाडातल्या एकाने प्रदर्शनातून लाकडी काट्यांचे एक लाटणे आणले आहे, ते तळपायाखाली फिरवायचे. आणि या सर्वांवर कडी म्हणजे माझी सख्खी आत्या. तिचे म्हणणे असे, की सूर्य उगवण्याच्या आत, कोणाशी एक अक्षरही न बोलता, दुधात भिजवलेली जिलबी खायची. तीन रविवार.

“आणि डॉक्टर?” मी विचारले.

“नको गं बाई! त्या गोळ्यांची सवय लागते.”

जिलबी मी खाल्ली. वाचकांपासून लपवून काय उपयोग? पहाटे मिठाईचे दुकान उघडे नसते म्हणून ती शनिवारी रात्रीच आणून झाकून ठेवावी लागे, आणि माझ्या धाकट्या भावाला मुळीच अर्धशिशी नसताना त्यालाही दर रविवारी पहाटेच जाग येऊ लागली. आश्चर्य म्हणजे उपाय लागू पडला! त्या महिन्यात माझे डोके एकदाही दुखले नाही. आत्याची कॉलर ताठ झाली. (नऊवारी पदराला कॉलर नसते, हे मला ठाऊक आहे.) तो महिना का बरा गेला, याचा उलगडा मला पुढे झाला. तो सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हे दुखणे भोगलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करायला हवे, कारण ‘डोकेदुखी’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. रेशनच्या रांगेची डोकेदुखी, पाहुण्यांची डोकेदुखी, अंतर्गत मूल्यमापनाची डोकेदुखी. अर्धशिशी ही यांपैकी नव्हे. माझ्या बाबतीत आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड येतो. फळ्यावरच्या वाक्याचा मधलाच शब्द नाहीसा होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी उजेड जातो, आणि मग डाव्या भुवईच्या वर कोणीतरी मुसळाने कांडायला लागते. जिना चढले की ठोका वाढतो. ट्यूबलाइट सहन होत नाही, शेजारच्या मुलीच्या डब्यातल्या लसणाच्या फोडणीचा वास सहन होत नाही, आणि ज्या दिवशी औद्योगिक वसाहतीकडून वारा येतो त्या दिवशी तर विचारूच नका. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता, तो वर्तमानपत्रांतून गाजला. पण न दिसणारा वास आम्ही वर्षभर घेत असतो, त्याची बातमी होत नाही. मग उलटी होते. नंतर काळोख्या खोलीत कधी सहा तास, कधी दोन दिवस. वैद्यकाची पुस्तके चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंतची मर्यादा सांगतात. दुसऱ्या दिवशी वर्गात आले, की मैत्रिणी विचारतात, “काल पिक्चर कोणता पाहिलास?”

बायकांमध्ये हे दुखणे पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते. त्यामुळेच की काय, ‘नखरा’ हा शब्द त्याला पटकन चिकटतो. २०१६ सालच्या आजारांचा जगभरचा हिशेब मांडला गेला, तेव्हा माणसाला निकामी करून ठेवणाऱ्या कारणांत अर्धशिशीचा क्रमांक दुसरा लागला होता. जगातला एवढा मोठा नखरा आमच्या जिन्यात मात्र लाह्यांवर भागवला जातो!

नाव मात्र फार जुने आणि नेमके आहे. आपण अर्धशिशी म्हणतो, आयुर्वेद अर्धावभेदक म्हणतो. गेलनने दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत जे नाव वापरले त्याचाही अर्थ ‘अर्धी कवटी’ असाच होतो, आणि त्याच शब्दाची झीज होत होत फ्रेंचांनी ‘मायग्रेन’ केले. म्हणजे मायग्रेन हा काही इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना होणारा वेगळा आजार नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत हा आहे. तिथले वर्णन मी ग्रंथालयात बसून मुद्दाम काढून पाहिले. अर्धे डोके फुटल्यासारखे दुखणे, टोचणे, भोवळ; आणि हे पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवते, असे तिथे म्हटले आहे. मला त्या वर्णनातल्या लक्षणांपेक्षा त्या दिवसांचे अप्रूप वाटले. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी रोग्याजवळ बसून दिवस मोजले होते. चरकसंहितेने या रोगाची कारणे दिली आहेत, त्यांत कोरडे अन्न आहे, पहिले पचण्याआधी पुन्हा खाणे आहे, पूर्वेचा वारा आहे, अतिश्रम आहेत, आणि ‘वेगसंधारण’ आहे. वेगसंधारण म्हणजे नैसर्गिक वेग अडवून धरणे. सकाळी डोंबिवलीहून निघून संध्याकाळी परत येईपर्यंत स्वच्छ जागा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायकांच्या डब्यात हा श्लोक लावून ठेवायला हरकत नाही. पाणी कमी पडले की माझे डोके दुखते, हे मला वहीने सांगितले. चरकाने ते आधीच सांगून ठेवले होते.

वहीकडे येतेच. त्याआधी माझ्या उपचारयात्रेचा थोडक्यात वृत्तांत.

बाराव्या वर्षी पहिला झटका आला. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेले. तिथे तीन मिनिटे मिळाली. “अभ्यासाचे टेन्शन घेऊ नकोस,” असे सांगून एक गोळी लिहून दिली. वास्तविक तेव्हा मी अभ्यासच करीत नव्हते. मग डोळे तपासले. नंबर निघाला, चष्मा आला, अर्धशिशी राहिली. त्यानंतर होमिओपॅथी. तिथे मला आगगाडीची स्वप्ने पडतात का, गोड आवडते की खारट, पावसात भिजावेसे वाटते का, असे सगळे विचारले. इतक्या आस्थेने माझी चौकशी आजपर्यंत कोणी केली नव्हती! साबुदाण्याएवढ्या गोळ्या दीड वर्ष खाल्ल्या. मग कल्याणला एका वैद्यांकडे. त्यांनी चाळीस मिनिटे घेतली. नाडी पाहिली, जीभ पाहिली, कधी जेवतेस, कधी झोपतेस, पाळीच्या आधी दुखते की नंतर, सगळे लिहून घेतले. पथ्यादि काढा दिला, नाकात कोमट तुपाचे थेंब टाकायला सांगितले, आणि सांगितले, “उपास एकही करायचा नाही. सकाळचे खाणे चुकवायचे नाही. रविवारी उशिरापर्यंत लोळायचे नाही.” आईचा चेहरा उपास बंद म्हटल्यावर उतरला, पण वैद्यांनीच सांगितल्यामुळे ती गप्प बसली.

काढ्याने काय केले ते मला सांगता येणार नाही. पण वेळेवर खाणे आणि वेळेवर झोपणे यांनी माझे झटके कमी झाले, यात मला शंका नाही. आणि ही गोष्ट मला ज्या पदवीधराने सांगायला हवी होती त्याने ती सांगितली नाही; त्याच्याजवळ तीनच मिनिटे होती. लोक डॉक्टर सोडून इतर उपचारांकडे का वळतात, याची चर्चा आपल्याकडे ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द उच्चारून संपवतात. मला वाटते, लोक श्रद्धेपोटी कमी आणि त्या चाळीस मिनिटांपोटी जास्त जातात.

पण नाण्याची दुसरी बाजू माझ्याच अंगावर आली. द्वितीय वर्षाच्या परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला मी बसले आणि दहाव्या मिनिटाला प्रश्नपत्रिकेवर तो नागमोडी उजेड उतरला. पर्समध्ये गोळी होती. घेतली नाही. ‘सवय लागते’ हे आत्याचे वाक्य आणि ‘काढा चालू असताना इंग्रजी औषध नको’ हा घरातला दंडक, दोन्ही डोक्यात होते. दुखणे अगदीच असह्य झाल्यावर, म्हणजे तासाभराने, गोळी घेतली आणि ती पाच मिनिटांत उलटून पडली. पर्यवेक्षक सरांनी मला हाताला धरून बाहेर आणले. तो विषय राहिला. पुढे ठाण्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, की झटक्यात जठराचे कामही मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. ती वेळेवर घेतली असती तर कदाचित तो पेपर झाला असता. कदाचित म्हणते; खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आता या ठाण्याच्या डॉक्टरांची कथा. मला त्यांच्याकडे नेले ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या स्वतः दाखवायला निघाल्या होत्या आणि सोबत हवी होती. ठाण्याला ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे जायचे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रभर चालत आला आहे. काकूंनी घरी सांगितले, की तलावपाळीला भिशीच्या मैत्रिणीकडे जाते. पन्नाशीला आलेली, तीस वर्षे नोकरी करणारी बाई मेंदूच्या विकारांच्या डॉक्टरकडे जायला खोटे बोलते, हे मला फार लागले.

काकू रोज सकाळची जलद गाडी पकडतात. ती पकडण्यापूर्वी चहाबरोबर एक गोळी. संध्याकाळी परत येताना मुंब्र्याच्या आसपास आणखी एक. औषधाच्या दुकानात त्यांना ‘नेहमीचे पाकीट’ न मागता मिळते. हे सात-आठ वर्षे चालले होते. पूर्वी महिन्यातून चारदा दुखणारे डोके हल्ली रोज दुखे, म्हणून गोळी रोज. आणि गोळी रोज, म्हणून डोके रोज. या चक्राला वैद्यकात नाव आहे, औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांच्या वर चालले, की ज्याला डोके मुळातच दुखण्याची खोड आहे त्याला हे होऊ शकते. म्हणजे आत्या अगदीच चूक नव्हती! सवय लागते. पण ती गोळीच्या अंगच्या दुष्टाव्याने नव्हे, तर न मोजता घेतल्याने.

काकूंनी मध्यंतरी ‘एकवीस दिवसांत मुळापासून’ अशी जाहिरात वाचून एक चूर्ण मागवले होते. संपूर्ण नैसर्गिक! त्यांनी चूर्ण सुरू केले आणि गोळीही चालू ठेवली. एकवीस दिवसांनी पाकिटावरचा हिशेब संपला, डोक्याचा संपला नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी मला थोडे रागाने लिहायचे आहे. अर्धशिशीवर कित्येक दशके वापरले गेलेले एर्गोटामिन हे औषध कशापासून निघाले? राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या बुरशीपासून. १९१८ साली आर्थर स्टोल या रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळे काढले. बुरशीहून नैसर्गिक ते काय असणार! आणि तीच बुरशी लागलेले धान्य खाऊन मध्ययुगात युरोपात माणसांचे हातपाय झडत होते. उलट आपल्या घरोघरी पित्तावर पेपरमिंटासारखी चघळली जाणारी सूतशेखराची मात्रा घ्या. तिच्यात संस्कार केलेला पारा आहे, गंधक आहे, बचनाग आहे, धोतऱ्याचे बी आहे. वैद्याने प्रकृती पाहून, मात्रा ठरवून दिलेली गोष्ट निराळी. पण आपल्याकडे ती डब्यातून डब्यात जाते, आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार’ हे वर. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. बटरबर नावाच्या युरोपीय वनस्पतीची कथा याहून बोलकी आहे. तिचा अर्क झटके कमी करतो असे प्रयोगांत दिसले. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये तिची चक्क शिफारस केली, आणि यकृताला अपाय होतो म्हणून २०१५ मध्ये ती मागे घेतली. तेव्हा झाडपाला बिनविषारी आणि गोळी विषारी, ही वाटणी कोणी केली कोण जाणे.

मग इतर उपचारांत काहीच नाही का? आहे, आणि जिथे आहे तिथे ते मोजून दाखवलेले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने अर्धशिशीच्या रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना औषधे होतीच. एका गटाला त्यांच्या जोडीला योगासने, प्राणायाम शिकवले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर योग करणाऱ्यांचे महिन्याचे झटके सरासरी ९.१ वरून ४.७ वर आले. नुसत्या औषधवाल्यांचे ७.७ वरून ६.८ वर. गोळ्यांची संख्याही पहिल्या गटात निम्म्याच्या आसपास उतरली. आपण योग करतो आहोत हे करणाऱ्याला माहीत असतेच, त्यामुळे थोडा गुण त्या उत्साहालाही द्यायला हवा. तरी आकडा लहान नाही. मात्र हा प्रयोग ‘योग विरुद्ध गोळी’ असा नव्हता, ‘गोळी आणि योग’ असा होता. तरीही तो ‘गोळ्या सोडा, योग करा’ म्हणून व्याख्यानांतून सांगितला जातो, हे मी स्वतः ऐकले आहे.

सुया टोचण्याच्या चिनी उपचाराचेही तसेच. २०१६ मध्ये बावीस प्रयोगांचा, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुग्णांचा एकत्रित आढावा झाला. खऱ्या ठिकाणी सुया टोचलेल्या शंभरांतल्या पन्नासांचे झटके निम्म्याने उतरले. आणि खोट्या ठिकाणी, किंवा टोचल्याचे नुसते नाटक केलेल्या शंभरांतल्या? एक्केचाळिसांचे! प्रतिबंधक औषधांशी तुलना केली तेव्हाही सुया मागे पडल्या नाहीत. मला यातला एक्केचाळीस हा आकडा फार विलक्षण वाटतो. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे, ठरल्या वेळी झोपवून हात लावते आहे, एवढ्यानेही शंभरांतल्या चाळिसांना उतार पडतो. होमिओपॅथीविषयी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सगळा पुरावा पाहून, कोणत्याच रोगावर ती खात्रीने गुणकारी ठरल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. मला ते वाचून वाईट वाटले. आगगाडीच्या स्वप्नांची चौकशी करणारे ते डॉक्टर मला आवडत असत. आपल्या राज्याने तर २०१४ साली कायदा बदलून, वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. तेव्हा पाटी कोणत्या शास्त्राची आणि पुडीत काय, हे विचारून घ्यावे.

आता जिलबीचा उलगडा. अर्धशिशी भरती-ओहोटीसारखी असते. एखादा महिना भयंकर जातो, पुढचा आपोआप सुसह्य होतो. आणि आपण नवा उपाय केव्हा करतो? भयंकर महिन्यात. तेव्हा ओहोटीचे सगळे श्रेय त्या वेळी हातात असलेल्या उपायाला मिळते, मग तो काढा असो, लाटणे असो, गोळी असो की जिलबी. माझी जिलबी परीक्षा संपल्याच्या आठवड्यात सुरू झाली होती. दिवाळीनंतर झटके परत आले, तेव्हा आत्या म्हणाली, “तू मधे कोणाशी तरी बोलली असशील.”

ठाण्याच्या डॉक्टरांनीही पंधरा-वीस मिनिटे घेतली, हे मुद्दाम नोंदवते; सगळेच घड्याळाकडे पाहत नाहीत. त्यांनी आधी काही प्रश्न विचारले. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी तीव्र वेदना झाली का? ताप, मान ताठणे, हातपाय लुळे पडणे, शुद्ध हरपणे? पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दुखू लागले का? यांतले काही असते तर तातडीने मोठे रुग्णालय. तिथे काढा नाही आणि वहीही नाही. तसे काही नव्हते. मग त्यांनी काकूंची रोजची गोळी बंद केली आणि स्पष्ट सांगितले, “पहिले पंधरा दिवस तुम्ही मला शिव्या द्याल.” झटके रोखण्यासाठी रोज रात्री घ्यायचे एक औषध लिहून दिले. या रोखणाऱ्या औषधांचीही गंमत आहे. त्यांतले प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे हृदयाचे औषध; १९६० च्या दशकात छातीच्या दुखण्यावर ते देताना रुग्णांची अर्धशिशीच कमी झाल्याचे लक्षात आले. ती लागू पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि झटके निम्म्यावर आले म्हणजे यश मानतात. ‘मुळापासून’ हा शब्द त्या डॉक्टरांनी एकदाही वापरला नाही. मला त्यांनी झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यायची ट्रिप्टान वर्गातली गोळी दिली. ही औषधे १९९१ पासून युरोपात मिळू लागली. हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत. महिन्यात किती दिवस घ्यायची याचा आकडा त्यांनी खाली रेघ मारून लिहिला. आणि आम्हा दोघींना सांगितले, “एक वही घाला.”

तारीख. दुखले की नाही. किती तास. काय घेतले. आदल्या रात्री झोप किती. जेवण चुकले का. पाळी. बस्स.

गेले चौदा महिने मी ती लिहिते आहे. वहीपुढे सगळी शास्त्रे सारखी. ती चरकाला ओळखत नाही आणि औषध कंपनीलाही ओळखत नाही. मला उन्हाचा त्रास होतो असे मी आठ वर्षे सांगत होते. वहीने दाखवले, की ऊन नव्हे, पाणी न पिणे. चॉकलेटवर मी विनाकारण आळ घेतला होता. आणि काढा? तो तीन महिने घेतला आणि तीन महिने सोडला. झटके दोन्हीकडे सारखे. पण नऊला खाणे आणि अकराला झोप मोडली, की आकडा लगेच वर. वैद्यांना मी जाऊन हे दाखवले. मला वाटले, रागावतील. त्यांनी वही दोनदा चाळली आणि म्हणाले, “हे तू सुरुवातीलाच का नाही केलेस?” मी म्हटले, “तुम्ही सांगितले नाहीत.” ते म्हणाले, “खरं आहे.”

माझ्या एका प्राध्यापकांना हा लेख वाचायला दिला होता. ते म्हणाले, “कला शाखेच्या विद्यार्थिनीने दुःखाची बेरीज-वजाबाकी करावी, हे जरा रुक्ष वाटते.” सरांचा मान राखून सांगते, की जे मोजले जात नाही ते घरात कोणी खरे मानत नाही. ‘नेहमीच दुखतं हिचं’ या वाक्यापुढे मी आठ वर्षे निरुत्तर होते. ‘सप्टेंबरमध्ये सात दिवस, एकूण एक्केचाळीस तास’ यापुढे माझे बाबा निरुत्तर झाले, आणि माझ्या खोलीला जाड पडदा आला.

या संदर्भात मला नेहमी आमच्या कल्याणच्याच एका मुलीची आठवण येते. यमुना जोशी, जन्म ३१ मार्च १८६५, पुढची आनंदीबाई. अमेरिकेला जाण्यापूर्वी बंगालमध्ये असताना तिला अशक्तपणा, ताप, धाप आणि सततची डोकेदुखी होती. थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी अमेरिकेहून तिच्यासाठी औषधे पाठवली. गुण आला नाही. ती अर्धशिशी होती की आणखी काही, हे सांगायला आज कोणी नाही. पुढे तिने १८८६ साली पेनसिल्व्हेनियात एम. डी. मिळवली, आणि प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यात तिने जुने संस्कृत ग्रंथही धरले आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकेही. दोन्हींत तिला काही घेण्यासारखे दिसले. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती गेली तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. माझ्याच वयाची.

काकूंचे पहिले पंधरा दिवस खरोखरच वाईट गेले. त्यांनी रजा टाकली. घरी खरे सांगावेच लागले, आणि त्यांच्या सासूबाईंनी ‘ठाण्याला’ हा शब्द उच्चारून जे काही म्हणायचे ते म्हणून घेतले. मी कॉलेज सुटल्यावर वर जाऊन बसत असे. काळोखात. सहाव्या दिवशी त्यांनी गोळीसाठी अक्षरशः हात जोडले. मी दिली नाही, आणि आपण बरोबर करतो आहोत की क्रूरपणा, हे मला त्या क्षणी समजत नव्हते.

आता त्यांना महिन्यातून पाच-सहा दिवस दुखते. पूर्ण गेलेले नाही. अजूनही त्या संकष्टी करतात आणि संकष्टीच्या दिवशी हमखास दुखते. वहीत ते स्वच्छ दिसते. मी दाखवले. म्हणाल्या, “दिसतंय गं मला. पण संकष्टी मी डोक्यासाठी करत नाही.” आणि पुढच्या चतुर्थीच्या तारखेसमोर त्यांनी आधीच पेन्सिलीने ‘दु.’ लिहून ठेवले.

राहिलेला अर्थशास्त्राचा पेपर मी पुन्हा देते आहे. वहीचे ते पान अजून कोरे आहे. गोळी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहे, पाण्याची बाटली भरून, आणि डब्यात आईने पोळी दिली आहे. आत्याने विचारले, “जिलबी पाठवू का?” म्हटले, पाठव. पेपर झाल्यावर खाईन.